डोलतोय म्हणजे खूश आहे?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाची माधुरी ऊर्फ महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’त, म्हणजे अंबानींच्या प्राणी-केंद्रात गेली, तेव्हापासून एक मजकूर ग्रुपवर फिरतोय. हत्ती बैल-घोड्यासारखा पाळीव आहे, मठात-देवळात लेकरासारखा वाढतो, आनंदाने डोलतो; सोडवायचाच तर जंगलात सोडा, एका कैदेतून दुसऱ्या कैदेत कशाला? तिला निरोप देताना लोक रडले ते मनापासूनच. माझा वाद या मजकुराशी आहे.

बैल माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवला. हत्तीचं तसं झालं नाही. तो जंगलातून धरून आणायचा, मग साखळी आणि अंकुशाने वठणीवर आणायचा. परंपरेचाच दाखला हवा तर अर्थशास्त्र काढा. हत्ती उन्हाळ्यात धरावा, वीस वर्षांचा धरावा, असं कौटिल्य सांगतो. पिल्लू, आजारी, गाभण आणि दूध पाजणारी हत्तीण धरू नये, असंही बजावतो. माधुरी १९९२ मध्ये नांदणीला आली तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांची होती. हत्तिणी तर जन्मभर आई-मावश्यांच्या कळपात राहतात. ‘लेकरासारखा’ म्हणताना एवढं आठवावं.

आता डोलणं. लहानपणी आमच्या पेठेत हत्ती यायचा. सोंडेच्या टोकाला नाणं टेकवलं की ते माहुताच्या हातात जायचं आणि सोंड आपल्या डोक्यावर. दुपारी तो एका भिंतीशी बांधलेला असायचा. गर्दी नाही, ताशा नाही, तरी डोलणं चालूच: डावीकडे, उजवीकडे, एकाच ठेक्यात. पुढच्या पायाला साखळी, तिच्याखालची कातडी घासून गुळगुळीत झालेली, एका नखाला उभी चीर. आम्ही म्हणायचो, बघ कसा नाचतोय! खरं तर कोंडून, एकटं ठेवलेल्या हत्तीच्या ताणाची ती ठरलेली खूण असते.

नखाची ती चीरही साधी नसते. तीन-चार टनांचा हा प्राणी दिवसभर चालण्यासाठी घडलेला. त्याला फरशीवर, स्वतःच्याच मुतात उभं केलं की तळवे मऊ पडतात, भेगांत पू होतो, सांधे धरतात. गूळ-केळ्यांनी यातलं काहीच बरं होत नाही.

जंगलात का सोडत नाहीत? कारण लहानपणापासून माणसाच्या हातचं खाल्लेल्या हत्तीला कळपात राहणं शिकवलेलंच नसतं. पुनर्वसन म्हणजे माती, डुंबायला पाणी, इतर हत्तींची सोबत आणि जन्मभर औषधपाणी. नखं कापायची तर मध्ये मजबूत आडोसा असतो. हत्ती आपणहून पाय पुढे करतो, त्याबद्दल फळ मिळतं. अंकुश लागत नाही. ज्योतिबाला २००७ मध्ये दान दिलेला ‘सुंदर’ नावाचा हत्ती आठवतो? त्याला माहूत बदडत असल्याचं चित्रण बाहेर आलं, उच्च न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला आणि २०१४ मध्ये तो बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्यात, इतर हत्तींमध्ये गेला.

बड्या उद्योगपतीचंच केंद्र का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. मथुरेला २०१८ पासून हत्तींचं रुग्णालय आहे. पश्चिम महाराष्ट्रात तसं का नाही, असं मीही विचारतो. नांदणीतच केंद्र काढण्याची घोषणा ऑगस्ट २०२५ मध्ये झाली. ते उभं राहिलं तर फलक कोणाच्या नावाचा ते नंतर वाचू. आधी खाली बघायचं, फरशी आहे की माती.