म्हणे, ‘बिनधास्त फॉरमॅट मारा, डेटा कुठे जात नाही’!

मामांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल, सगळ्या कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फाइली दुसऱ्या हार्ड डिस्कवर. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून त्यांनी विंडोज ११ टाकून घेतलं आणि ती डिस्कच ‘धिस पीसी’मधून गायब झाली. मग मदतीला आला व्हॉट्सॲपवरचा तो मेसेज. नातेवाइकांचे, सोसायटीचे, शाळासोबत्यांचे, सगळे ग्रुप फिरून झालेला. त्यात लिहिलंय: नवीन विंडोज जुनी डिस्क लॉक करतं, ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं म्हणजे व्हायरस, डिस्क बिनधास्त फॉरमॅट मारा, त्याने डेटा जात नाही, नंतर त्याच डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका, शंभर टक्के परत, आणि तरीही नाहीच चालली तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. मामांनी फॉरमॅटच्या खिडकीचा फोटो पाठवून विचारलं, “स्टार्ट दाबू का रे?” विचारलं हे नशीब.

आधी ते लॉक प्रकरण. इन्स्टॉल करताना समोर पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या भागांची, यादी येते, आणि आपण जे निवडतो तिथे विंडोज बसतं. दुसऱ्या डिस्कवरच्या फाइली ते पुसत नाही. अर्थात त्या यादीत चुकून दुसऱ्या डिस्कवरचंच पार्टिशन कुणी डिलीट केलं असेल तर गोष्ट वेगळी. डिस्क न दिसण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे तिला ड्राइव्ह लेटर, म्हणजे डी, ई असं अक्षर, मिळालेलं नसतं. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, त्या पार्टिशनवर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, आणि एक मोकळं अक्षर द्यायचं. मामांचं काम एवढ्यावर भागलं. ‘ऑफलाइन’ दिसलं तर ऑनलाइन करा. पण ‘इनिशियलाइझ डिस्क’ म्हणणारी खिडकी आली तर मुकाट्याने कॅन्सल. तिथे ओके म्हणजे डिस्कवर नवं पार्टिशन टेबल, म्हणजे पार्टिशनांची नोंद, लिहायला परवानगी.

बरं, लॉकच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन, लावलेलं असेल तर ती आपोआप उघडण्याची सोय जुन्या विंडोजमध्ये होती, आणि ते विंडोज गेलं. आता ती पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की मागणार. ही की बऱ्याचदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली सापडते. दोन्ही नसेल तर फॉरमॅट मारूनही काही हाती लागणार नाही. पण हे कुलूप नव्या विंडोजने घातलेलं नाही, आधीपासून होतं.

‘ॲक्सेस डिनाइड’ हा व्हायरस नाही. फोल्डरचे हक्क जुन्या विंडोजमधल्या वापरकर्त्याच्या नावे असतात, आणि नव्या विंडोजमध्ये तुमचं नाव तेच असलं तरी आतला ओळख क्रमांक वेगळा. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, तिथे ओनर बदला. पुढे चला.

आता फॉरमॅट. मेसेज लिहिणाऱ्याने कुठला फॉरमॅट हे सांगायचीही तसदी घेतलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सपोर्ट लेखात स्पष्ट लिहिलंय की विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितो. त्याआधीच्या विंडोज एक्सपीत तसं नव्हतं. हे ज्ञान त्याच एक्सपीच्या काळातलं असावं आणि व्हिस्टा आलं २००७मध्ये! ‘क्विक फॉरमॅट’समोरची टिक कुणी काढली, तर जिथे शून्यं लिहून झाली तिथून परत आणायला काही उरतच नाही. कुठलंही सॉफ्टवेअर, कितीही पैसे.

क्विक फॉरमॅट असेल तर? तो फक्त फाइलींची नोंद पुसतो. सातबारा फाटला म्हणून शेत जात नाही, हे खरं. पण त्या शेतात दुसऱ्याने घर बांधलं की संपलं. आणि मेसेज नेमकं तेच करायला सांगतो: सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाका, म्हणजे जी जागा वाचवायची तिच्यावरच नवं लिखाण. मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ तर फाइल जिथून काढायची आणि जिथे ठेवायची त्या ड्राइव्ह वेगळ्याच हव्यात अशी अट घालतं.

दुसरी डिस्क एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी, असेल तर क्विक फॉरमॅटही घातक. विंडोज ७पासून फॉरमॅट करताना विंडोज एसएसडीला ट्रिमची आज्ञा देतं, म्हणजे ‘ही जागा रिकामी धर’. त्यानंतर डेटा मिळण्याची आशा जवळपास सोडायची.

आणि ‘शंभर टक्के’ म्हणजे काय, तेही ऐका. फोटोरेकसारखं रिकव्हरीचं साधन फाइलची ठेवण ओळखून ती उचलतं. मूळ नाव नाही, फोल्डर नाही. फाइलींना एफ अक्षर आणि पुढे आकडे. मामांच्या हजारो पत्रिका अशा मिळाल्या असत्या तर गिऱ्हाईक समोर उभं असताना कुठली पत्रिका कुणाची, हे एकेक उघडून बघत बसायचं. तुकड्यांत विखुरलेल्या मोठ्या फाइली तर बऱ्याचदा उघडतच नाहीत.

फॉरमॅट मारून झालाच असेल तर त्या डिस्कवर काहीही लिहू नका. ती दुसऱ्या संगणकाला जोडा, आणि सापडेल ते तिसऱ्याच डिस्कवर काढा. फक्त पार्टिशन उडालं असेल तर टेस्टडिस्क हे फुकट, मुक्तस्रोत साधन बऱ्याचदा ते नावांसकट शोधून देतं.

राहिला फ्रीजर. न दिसणारी डिस्क बिघडलेलीच असते असं कुणी सांगितलं? आणि खरंच बिघडली असेल तर थंडीतून बाहेर काढताच तिच्यावर दव जमतं. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं, आणि आत डेटा वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तिथे ओल म्हणजे उरलीसुरली तबकडीही ओरखडून घेणं. डिस्कमधून टकटक येत असेल तर वायर काढा, पुन्हापुन्हा चालू करून बघू नका, आणि डेटा रिकव्हरी लॅबला फोन करून आधी खर्च विचारा.