वेग, साथ आणि न विचारलेला सल्ला : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

नाव लिहिलेलं नाहीत, म्हणून महोदय. दोन गिटारींच्या वादनावर मी गेल्या आठवड्यात लिहिलेल्या लेखाखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. ती सगळ्यांनी वाचली असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: ‘दोन गिटारी म्हणजे वेगाची कसरत. लोक शिट्ट्या मारतात त्या स्वरांना नव्हे, बोटांना. ज्यांच्या घरी रविशंकर आणि अली अकबर खाँ आहेत त्यांनी परक्याच्या दारात कशाला उभं राहावं? कॅसेटच्या आठवणींनी गळे काढणं पुरे. तुमच्यासारख्या हौशी लोकांनी आधी शिकावं, मग लिहावं.’ आणि शेवटी सूचना, खरं तर हुकूमच, की स्पेनचा पाको दे लुसिया आणि अमेरिकेचा अल दि मिओला या गिटारवादकांवरचा भाग काढून टाका, ज्युलियन ब्रीम आणि जॉन विल्यम्स या अभिजात गिटारवादकांचा ठेवा.

मुद्द्याकडे येतो, पण आधी बोलण्याच्या पद्धतीबद्दल. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. याच लेखाखाली दोघा-तिघांनी मला दुरुस्त्या सुचवल्या, त्यांचे आभार मी तिथेच मानले आहेत. पण तुम्ही लेखाबद्दल चार शब्द लिहिण्याआधी माझी लायकी काढलीत. मला ओळखत नाही, कधी भेटला नाहीत, माझं शिक्षण काय, कान कसा तयार झाला, यातलं काही ठाऊक नाही, तरी ‘आधी शिका’ म्हणून मोकळे झालात. हे एखाद्या मैफलीनंतर समोरासमोर म्हणाला असतात का? मला नाही वाटत. पडद्याआड बसून बोलताना माणसाची जीभ सैल सुटते, आणि मग समोरचाही कुणीतरी माणूस आहे याचं भान राहत नाही.

विषय काढलात, तर सांगतो. माझं आजोळ मिरजेचं, सतारमेकर गल्लीजवळ. पंढरपूरकडून आलेले भोपळे तिथे भिंतीशी रचून ठेवलेले असायचे. जवारी काढणारा, म्हणजे घोडी घासून तारेचा झणकार जुळवणारा कारागीर तार छेडायचा, कान लावून ऐकायचा, घोडीवरून कानस एकदाच हलकेच फिरवायचा आणि पुन्हा तार छेडायचा. सुट्टीतल्या दुपारी मी तिथे बसून काढल्या आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात जी संगीतसभा होते, तिथे आजोबांच्या मांडीवर झोपत-उठत गाणं ऐकलं आहे. सतार-सरोदची जुगलबंदी म्हणजे काय असते, हे मला तुमच्याकडून शिकायची वेळ अजून आलेली नाही. हे मोठेपणा मिरवायला सांगत नाही. सांगावं लागलं, कारण तुम्ही गृहीत धरलंत की ज्याला गिटार आवडते त्याला घरचं काही माहीत नसणार.

आता तुमचं ते एक वाक्य: ‘वेगाची कसरत.’ मी सगळ्यात जास्त याच वाक्यावर बोलणार आहे, कारण लेखात मी जे सांगायचा प्रयत्न केला त्याच्या बरोबर उलट ते आहे, आणि तो भाग तुम्ही वाचलाच नाहीत अशी मला दाट शंका आहे.

५ डिसेंबर १९८० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात पाको, दि मिओला आणि इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन वाजवायला बसले. त्याची तबकडी पुढच्या वर्षी आली, ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’. नाव तिघांचं असलं तरी पहिली बाजू सगळी दोघा-दोघांची आहे. सुरुवातीलाच पाको आणि दि मिओला, ‘मेडिटरेनियन सनडान्स’. ही चीज दि मिओलाची, १९७७ ची, स्टुडिओत या दोघांनीच वाजवलेली, पाच मिनिटांच्या आसपास. रंगमंचावर तिला पाकोची ‘रिओ आंचो’ जोडली आणि ती अकरा मिनिटांच्या वर गेली. ध्वनिमुद्रणात पाको डाव्या बाजूला आहे, दि मिओला उजव्या.

पुण्यात हॉस्टेलवर माझा रूमपार्टनर मडगावचा होता. त्याच्या घरी मांडो, म्हणजे गोव्याची जुनी कोकणी गाणी, गायचे, तो गिटारवर साथ करायचा. ही कॅसेट त्याचीच. वॉकमनही त्याचाच, आणि त्याच्या हेडफोनची उजवी बाजू मेलेली होती. दुरुस्तीला पैसे नव्हते, त्यामुळे बराच काळ मी ही चीज फक्त डाव्या बाजूची ऐकली. म्हणजे फक्त पाको. दि मिओला मागे कुठेतरी पुसट, दुसऱ्या खोलीत कुणी वाजवत असल्यासारखा. लेखातली आठवण ती हीच, जिला तुम्ही ‘गळे काढणं’ म्हणालात.

त्या अर्ध्या हेडफोनमधून काय ऐकू येतं, तर दि मिओला तिकडे सुसाट सुटलेला असताना पाको काय करतो ते. तो तोकडे, छाटलेले कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार स्वर, देतो. मध्येच गिटारच्या अंगावर बोटाने टकटक करून रुम्बा या नाचाची लय धरून ठेवतो. दि मिओलाची तान वर चढत जाते तसा हा आवाज आणखी खाली नेतो, जागा मोकळी करून देतो. तान संपून तिकडे श्वासाएवढी फट पडली की चारही बोटं एकामागून एक उलगडत तारांवरून फेकतो, आणि ती फट भरून निघते. पुन्हा लगेच मागे. यात वेग कुठे आहे? यात दुसऱ्याचं ऐकणं आहे, आणि ते इतकं बारीक आहे की पुढे नवा हेडफोन आला, दोन्ही बाजू एकदम ऐकू आल्या, तेव्हाही माझं लक्ष जायचं ते साथीकडेच. आजही तिकडेच जातं.

हे पाकोत कुठून आलं तेही लेखात होतं. तो दक्षिण स्पेनमधल्या अल्हेसिरासचा, १९४७ चा जन्म. फ्लामेन्कोत, म्हणजे तिथल्या गाण्या-नाचण्याच्या परंपरेत, गिटारवाला आधी गाणाऱ्याची आणि नाचणाऱ्याची साथ करायला शिकतो, एकट्याने वाजवणं नंतर. कामारोन दे ला इस्ला या गायकाबरोबर १९६९ पासून त्याने तबकडीमागून तबकडी केली, आणि तिथे तो साथीदार होता. गाणाऱ्याने आवाज कुठे ताणला, कुठे मोडला, कुठे थांबला, यावर डोळा ठेवून वर्षानुवर्षं बसलेला माणूस हा. दि मिओलाशेजारी बसला तरी तो तेच करत होता. स्वरलिपी त्याला वाचता येत नव्हती. १९९१ मध्ये स्पॅनिश रचनाकार रोद्रिगोची ‘कोन्सिएर्तो दे आरान्ह्वेस’ बसवेपर्यंत तो त्या वाटेला गेलाच नव्हता. जॅझच्या अंगाने उत्स्फूर्त वाजवणं दि मिओला आणि मॅक्लॉफ्लिन यांच्याकडून आपण शिकलो, असं तो मुलाखतींत सांगत असे. जगातले निम्मे गिटारवाले ज्याच्या पायाशी बसले असते, तो माणूस हे म्हणतो. आणि तुम्ही त्याला कसरतपटू म्हणता.

वेग आहेच, तो नाकारायचं कारण नाही. पण दोघांच्या वेगातही फरक आहे, आणि तो ऐकल्याशिवाय सगळं सारखंच वाटणार. दि मिओलाची गिटार स्टीलच्या तारांची, वाजवतो पिकने, म्हणजे बोटांत धरलेल्या छोट्या चपट्या पट्टीने, उजव्या हाताच्या तळव्याची कड तारांवर टेकवून. त्यामुळे त्याचा प्रत्येक स्वर बंद, ठाशीव, सुटा येतो. पाकोच्या तारा नायलॉनच्या, पिक नाही, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. त्याचा स्वर कोरडा आणि उघडा, सुरुवातीला नखाचा किंचित कट्ट आवाज. तीच जागा एकाने घेऊन दुसऱ्याने परत घेतली की तिचा रंगच बदलतो. सवाल-जवाबाची गंमत त्या रंगाच्या फरकात आहे. कोण आधी पोचला हे मोजत बसलात तर ती हातची जाणार.

एक गोष्ट तुमची मान्य करतो, कारण मान्य करण्यासारखी आहे. त्याच तबकडीत जॅझ पियानोवादक चिक कोरियाची चीज दि मिओला आणि मॅक्लॉफ्लिन वाजवतात. तिच्यात मध्येच ते थट्टेवर येतात, ‘पिंक पँथर’ची धून काढतात, लोक हसतात, आरडाओरडा करतात. तो भाग लांबतो, आणि तिथे वाजवणाऱ्यांचं लक्ष लोकांकडे गेलंय हे जाणवतं. तेवढ्यापुरतं तुम्ही बरोबर आहात. पण टाळ्या कुठे पडल्या यावरून वाजवणाऱ्याला जोखायचं, तर मग आपल्याकडे चक्रदार समेवर आला की सभागृह दणाणतं त्याचं काय करायचं? तिथे तबलजीला कुणी कसरतपटू म्हटलेलं मी ऐकलं नाही.

रविशंकर आणि अली अकबर खाँ यांचं नाव काढलंत, त्याबद्दल एवढंच: हे दोघे १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बांगलादेशसाठीच्या त्या कार्यक्रमात, गिटारवाल्यांच्या आधी त्याच मंचावर अल्लारखाँसाहेबांसह वाजवून गेले. मॅक्लॉफ्लिन वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला, मग एल. शंकर, झाकीरभाई आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर ‘शक्ती’ हा वाद्यवृंद उभा केला. त्यांना एकमेकांची दारं परकी वाटली नाहीत. तुम्हाला वाटतात, तर तो तुमचा प्रश्न.

ब्रीम आणि विल्यम्स ठेवा म्हणालात. का, तर ते अभिजात, संथ, शिस्तीचे. तुम्ही त्यांना वेगळ्या कारणासाठी मान देता आणि मी वेगळ्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या पहिल्या तबकडीवर फ्रेंच रचनाकार राव्हेलची ‘पाव्हान’ आहे. त्यात ब्रीम काय करतो ते ऐका. उजवा हात घोडीकडे नेला की स्वर पातळ आणि धारदार होतो, भोकावर आणला की गोल, मऊ. हे तो सतत करत राहतो. विल्यम्स मात्र अढळ, स्वच्छ, एकही स्वर डागाळलेला नाही. दोघांचे स्वभाव जुळत नाहीत, आणि तरी एकाची ओळ कुठे संपून दुसऱ्याची कुठे सुरू झाली हे पकडायला मला आजही मागे जावं लागतं. मी पाकोत जे ऐकतो तेच इथे ऐकतो. एकाला काढून दुसऱ्याला ठेवा, हे मला जमणार नाही, कारण माझ्या लेखात ते दोन वेगळे विषय नव्हतेच.

खरं तर तुम्ही ज्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत, त्या जोडीचा परिच्छेद माझ्या मते लेखातला सगळ्यात महत्त्वाचा होता. इडा प्रेस्ती आणि अलेक्झांडर लागोया, हे गिटारवादक जोडपं. १९५२ मध्ये लग्न झालं आणि मग ते दोघांचंच वाजवत राहिले. रचनाकार कास्तेलनुओवो-तेदेस्कोने त्यांच्यासाठी १९६२ मध्ये दोन गिटारींचे २४ प्रेल्यूड आणि फ्यूग (पाश्चात्त्य संगीतातले दोन रचनाप्रकार) लिहिले. चोवीस! कुणाच्या हातांवर केवढा भरवसा असेल तेव्हा रचनाकार असं काही लिहायला घेतो. १९६७ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात, रॉचेस्टरला, इडा गेली. वय ४२. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना वेग आठवत नाही, अवघडपणाही आठवत नाही. दोन गिटारींचा मिळून एक श्वास चालू असतो. तुम्ही इतकी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, पण या दोघांसाठी एक ओळ नाही. लेख पूर्ण वाचला होतात ना?

कॅसेटचा मुद्दा मी सोडून देतो. कुणाला काय ऐकताना कुठले दिवस आठवावेत, हे ठरवायचा अधिकार ना तुमचा, ना माझा.

पाको आणि दि मिओलाचा भाग मी काढणार नाही. उलट, लेखात त्या साथीबद्दल चारच ओळी होत्या, त्यात वर लिहिलेलं आज रात्री घालतो. तुमची प्रतिक्रियाही मी उडवलेली नाही, ती आहे तशी खाली राहील. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त नाव घालून लिहा, आणि माझ्याबद्दल नको, वाजवण्याबद्दल लिहा.