रात्री साडेआठची बाग

जूनच्या पहिल्या शनिवारी रात्री साडेआठला आम्ही अमेरिकेतल्या फिनिक्सच्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्ये होतो. सूर्य मावळून तास झाला होता, तरी हवेत ३६ अंश होते. माझी नऊ वर्षांची मुलगी अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी घेऊन पायवाटेच्या कडेला उकिडवी बसली होती. दगडाच्या सापटीत तिने उजेड टाकला आणि आत हिरवट निळं काहीतरी उजळलं. आधी पुढचे दोन चिमटे दिसले, मग पाठीवर वळलेली नांगी. ‘आई, हलू नकोस,’ ती कुजबुजली. साध्या उजेडात मातीच्या रंगाचा असणारा विंचू या प्रकाशात असा चमकतो. का चमकतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, हे ऐकून तिला फार आनंद झाला.

तिकडे अकोल्यात रविवारची सकाळ झाली होती. गाडीत बसताना घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धाकट्या बहिणीचा निरोप पाहिला: ‘ताई, नऊलाच बाहेर बघवत नाही. पोरं महिनाभर कूलरपुढे पडून आहेत. मोबाइल काढून घेतला की भांडतात. काय करू सांग.’

तिला त्या रात्री दोन ओळींत काही लिहिता आलं नाही. म्हणून हे सविस्तर.

एप्रिल आला की आपल्याकडे उन्हाचा आणि शाळेचा वाद सुरू होतो. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, थेट २५ एप्रिलपर्यंत घ्यायचं ठरलं. शिकवण्याचे दिवस वाया जाऊ नयेत हा त्यामागचा हेतू. मुख्याध्यापक, शिक्षक, पालक सगळ्यांनी विरोध केला, आणि विदर्भातून तर जास्तच, कारण तिथे तोवर पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. मी विरोध करणाऱ्यांच्याच बाजूची आहे. अकोल्यात एप्रिलच्या दुपारी शाळेतून घरी चालत आलेल्या कुणालाही हे पटवून द्यावं लागत नाही. पण सुट्टी लवकर मिळाली की वाद तिथेच संपतो, याचं मला वाईट वाटतं. त्या सुट्टीत मुलांनी करायचं काय? ऐकू येतात ती उत्तरं दोनच. एक, बाहेर सोडू नका. दुसरं, शिबिरात घाला. म्हणजे एसी लावलेल्या हॉलमध्ये सकाळी कॅलिग्राफी आणि दुपारी रोबोटिक्स. उन्हाळा हा जणू दार लावून काढायचा काळ आहे, हे दोन्हीकडे गृहीत धरलेलं असतं.

मी अकोल्याची, गेली अकरा वर्षं फिनिक्समध्ये. दोन्हीकडचं ऊन अंगावर घेतलेलं आहे. फिनिक्सचं ऊन अकोल्यापेक्षा सौम्य असेल असं कुणी समजू नये. २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस इथला पारा रोज ४३ अंशांच्या वर गेला. वर्षाचा पाऊस जेमतेम १८० मिलीमीटर. अकोल्यात त्याच्या चौपट तरी पडतो. घसरगुंडीला हात लावला तर चटका बसतो. तरीही इथल्या मुलांना उन्हाळ्यात बाहेर नेणारी एक जागा आहे आणि ती चक्क वाळवंटी झाडांची बाग आहे. १९३९ साली सुरू झालेली.

या बागेने काय केलं? घड्याळ बदललं. उन्हाळ्यात दारं भल्या सकाळी उघडतात, दुपार मुलांच्या वाट्याला जवळजवळ येऊच देत नाहीत, आणि काही शनिवारी रात्री हातात बॅटरी घेऊन हिंडायला बाग खुली ठेवतात. शहरही तेच करतं. उष्णतेचा कडक इशारा असेल त्या दिवशी कॅमलबॅक डोंगराच्या पायवाटा सकाळीच बंद होतात त्या संध्याकाळी पाचपर्यंत.

बरं, हे घड्याळ बागेच्या व्यवस्थापनाने शोधलेलं नाही. ते झाडांचंच आहे. सग्वारो नावाचा उंच निवडुंग (इथे त्याला ‘सवारो’ म्हणतात) दिवसा आपली छिद्रं मिटून घेतो. दिवसा उघडली तर साठवलेलं पाणी उडून जाईल. रात्री गारवा आला की तो ती उघडतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतो, आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो आणि दिवसा उन्हात त्याचं अन्न करतो. मे-जूनमध्ये फुलणारी त्याची पांढरी फुलंही रात्रीच उमलतात आणि दुसऱ्या दुपारपर्यंत मिटतात. वटवाघळं, पांढऱ्या पंखांचे होले, मधमाश्या, सगळे त्या वेळेत येऊन जातात. माझ्या मुलीने हे पुस्तकात वाचलं असतं तर परीक्षेपुरतं लक्षात राहिलं असतं. रात्री मान वर करून, बॅटरीच्या झोतात वीस फुटांवरचं फूल शोधताना तिने विचारलं, ‘म्हणजे हे झाड आत्ता श्वास घेतंय?’ आणि आम्ही दोघी गप्प उभ्या राहिलो.

२०२३ च्या त्या महिन्यात रात्रीसुद्धा गारवा येत नव्हता. बागेतल्या काही सग्वारोंच्या हातांसारख्या फांद्या गळून पडल्या, काही झाडं उभीच्या उभी कोसळली. हेही मुलांना सांगतात. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. हवामान बदल म्हणजे ध्रुवावरचं अस्वल, असं त्यांना वाटत नाही. ज्याच्या खाली उभं राहून फोटो काढला ते झाड पडलं, इतकं ते जवळ येतं.

आता घरी. आमच्याकडे पहाटेचं आणि रात्रीचं घड्याळ नव्हतं का? मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे सगळं घर, लहान पोरांसकट, उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातं. ऊन चढेपर्यंत वेचणी आटोपते. इकडे फिनिक्सच्या वाळवंटातल्या टोहोनो ओओडम या मूळनिवासी लोकांचंही अगदी असंच आहे. जूनच्या अखेरीस सग्वारोची फळं पिकली की ते लांब काठीने फळं पाडतात. फळाच्या टोकाला वाळलेल्या फुलाचा टणक भाग राहिलेला असतो, त्यानेच साल चिरतात, लाल गर काढून घेतात आणि रिकामी साल आतली लाल बाजू आकाशाकडे करून जमिनीवर ठेवतात, पाऊस यावा म्हणून. त्यांचं नवं वर्ष याच दिवसांत सुरू होतं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पेरणीआधीचे आमचे दिवस आठवले, आभाळाकडे बघत बसलेली बाबांची पाठ आठवली. इथेही पावसाळ्याला मॉन्सूनच म्हणतात, आणि इथेही जूनच्या मध्यापासून लोक त्याची वाट बघतात.

सांगायचं हे की उन्हाळ्यात मुलांनी निसर्गाजवळ जाणं ही काही परदेशी चैन नाही. मोहाच्या झाडाखाली ती पिढ्यान्पिढ्या चालत आलेली गोष्ट आहे. शहरात आलो तेव्हा ती आपल्या हातून सुटली आणि तिची जागा आपण शिबिराच्या पावतीने भरली.

आणि वाळवंटातली झाडं आपल्याकडे नाहीत असंही नाही. शेताच्या बांधावरचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचाच. वेडी बाभूळ ही इथल्या मेस्कीटची सख्खी चुलत बहीण. इथे मेस्कीटच्या शेंगा दळून पीठ करतात, आपल्याकडे तिचा मुख्य उपयोग जळणाला. आणि ज्याला घराघरांत ब्रह्मकमळ म्हणतात, ज्याची कळी फुगली की शेजारीपाजारी रात्री अकराला बघायला येतात, तोही मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा निवडुंगच आहे. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. मला मात्र त्या शेजाऱ्यांचं कौतुक वाटतं. एका फुलासाठी सगळी गल्ली रात्री जागी राहते, मुलांना झोपेतून उठवून आणतात, कुणीतरी बॅटरी धरतं. बागेतल्या शनिवार रात्रीहून ते तसूभर कमी नाही. तेवढं एका फुलापुरतं न राहता उन्हाळाभर चालावं, एवढंच.

‘परदेशात बसून सांगायला काय जातं,’ असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. आम्ही एसी गाडीतून बागेत जातो. तिकीट स्वस्त नाही. काही बागा-संग्रहालयांचे मोफत पास इथे ग्रंथालयाच्या कार्डावर मिळतात म्हणून बरीच कुटुंबं जाऊ शकतात, पण सगळी नाही. आणि फिनिक्सला आदर्श म्हणून उभं करण्याची माझी मुळीच इच्छा नाही. या शहराच्या मॅरिकोपा काउंटीत २०२३ मध्ये उष्णतेने ६४५ माणसं गेली. त्यात छत नसलेले आणि एसी बंद पडलेले खूप होते. ज्या शहरात इतकी माणसं उन्हाने मरतात त्याच शहरात माझी मुलगी रात्री विंचू शोधते, याचा विचार मला करावा लागतो आणि तो सोपा नाही.

पण याच मुद्द्यावर आपल्याकडच्या सल्ल्याकडेही नीट बघायला हवं. ‘मुलांना घरात ठेवा’ हे ज्यांच्या घरात गारवा आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. टिनाच्या छपराखाली दुपारी घर बाहेरपेक्षा जास्त तापतं. त्या मुलांना घराबाहेर, दाट सावलीत, पाण्याजवळ जागा हवी. ती जागा म्हणजे सार्वजनिक बाग, आणि आपण बागांचं काय केलं? झाडांच्या बुंध्याशी पेव्हर ब्लॉक घातले, लॉन लावलं, त्यावर ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी ठोकली. कडुनिंब आणि चिंचेखाली माती मोकळी ठेवली असती तर मुलांना बसायला, खणायला, मुंग्यांची रांग बघायला जागा राहिली असती. इथल्या बागेत मुलांना थर्मामीटर देऊन जमिनीचं तापमान मोजायला सांगतात, असा खेळ कुठेही करता येतो. आम्ही घरामागे केला: उन्हातली माती ६१ अंश, चार पावलांवर पालो व्हर्डे या इथल्या झाडाच्या विरळ सावलीत ४४. आमच्या गावच्या बागेत पेव्हर ब्लॉकवर आणि चिंचेखाली हा आकडा काय येतो, तो मुलांनीच मोजून नगरसेवकांना नेऊन दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

कोकण-मुंबईला यातलं सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथली हवा दमट, घाम वाळत नाही, सावलीतही जीव घाबरा होतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशाचं ऊन मात्र कोरडं, फिनिक्सच्या जातीचं. कोरड्या उन्हाचा धोका वेगळा: घाम येता येताच उडून जातो, मुलाला कळतच नाही की अंगातलं पाणी गेलं. त्यामुळे तहान लागायची वाट न बघता पाणी, डोक्याला कापड, पायात बंद बूट, आणि ऊन चढलं की खेळ कितीही रंगलेला असो, घरी. इथे हे मी मुलीच्या रडण्याला न जुमानता पाळते.

रात्रीच्या बागेबद्दल सांगितल्यावर बहिणीने लगेच विचारलं: दिवे कुठे आहेत, मुलींना घेऊन कोण जाणार? खरं आहे. म्हणूनच हे एकट्या पालकाचं काम नाही. नगरपालिकेने मे महिन्यात आठवड्यातून एक रात्र बाग नऊपर्यंत उघडी ठेवावी, दोन रखवालदार द्यावेत. अकोल्यात तर कृषी विद्यापीठ आहे. झाडं आणि किडे ओळखणारे विद्यार्थी सुट्टीत तिथेच असतात. पहाटे साडेपाचला बाग उघडायला तर दिवेही लागत नाहीत. शाळेने परीक्षा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संपवाव्यात आणि उरलेल्या दिवसांत सकाळची शाळा झाडाखाली भरवावी, ही माझी मागणी आहे. शिकवण्याचे दिवसही वाया जाणार नाहीत.

बहिणीला मी शेवटी एकच प्रयोग लिहून पाठवला, कारण तो कूलरपुढे बसूनही करता येतो. सारख्या आकाराचे दोन स्पंज भिजवायचे, वजन करायचं, एक उघडा ठेवायचा, दुसरा मेणकागदात गुंडाळायचा, आणि दोन्ही गॅलरीत ठेवून दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा वजन करायचं. निवडुंगाच्या सालीवर असा मेणाचा थर असतो. आमच्याकडे उघडा स्पंज ८० ग्रॅमचा १४ झाला होता, गुंडाळलेला ६१.

चौथ्या दिवशी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे सहा वाजले होते, मागे शेताचा बांध दिसत होता, आणि तो त्याच्या बाबांबरोबर चिमट्यात फड्या निवडुंगाचं पान धरून उभा होता. ‘मावशी, आमचा उघडा स्पंज नुसता ९ ग्रॅम राहिला,’ तो म्हणाला. ‘आता हे एक पान सालीसकट ठेवणार आणि एक सोलून. सोलायचं कसं, काटे फार बारीक आहेत.’ मी त्याला आधी काटे गॅसवर जाळून घ्यायला सांगितलं, आईला जवळ उभं करून.