वाघांचा अंदाज आणि खुलं सॉफ्टवेअर: फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

नागपूरच्या निसर्गप्रेमींमध्ये सध्या एक संदेश फिरतोय. वाघांच्या संख्येचा अंदाज काढण्यासाठी फुकटचं, खुलं (म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचू शकतं असं) सॉफ्टवेअर नको; त्यात कोणीही फेरफार करतं, वाघांची ठिकाणं शिकाऱ्यांना कळतात आणि चुकलं तर जबाबदार कोणी नसतं, असं त्यात म्हटलंय.

आधी फेरफाराचं बघू. खुला कोड उतरवून आपल्या प्रतीत कोणीही बदल करू शकतं. मूळ प्रतीत मात्र सांभाळणाऱ्यांनी तपासल्याशिवाय काही शिरत नाही. उलट कोड दिसणं किती गरजेचं आहे, ते महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश अशा दोन्हीकडे पसरलेल्या पेंचसारख्या जंगलात कळतं. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांच्या फोटोंतल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखले की घनता, म्हणजे ठरावीक क्षेत्रात किती वाघ, ते काढताना कॅमेऱ्यांभोवतीचं किती दूरपर्यंतचं जंगल हिशेबात धरायचं, हे ठरवावं लागतं. कारण वाघाच्या वावराचं केंद्र कॅमेऱ्यापासून जितकं लांब, तितकी तो टिपला जाण्याची शक्यता कमी, यावरच सगळं गणित उभं आहे. समजा, हिशेबात धरलेल्या जंगलाची ही रेघ महाराष्ट्राच्या हद्दीवरच थांबवली. मग मध्य प्रदेशातल्या पेंचमधून इकडे येणारे वाघही आपल्याच क्षेत्रात मोजले जातात आणि घनता फुगते. 'आर' या संख्याशास्त्राच्या खुल्या संगणक-भाषेतलं, हेच गणित करणारं 'एसईसीआर' हे खुलं पॅकेज (तयार कोडचा संच) वापरून स्क्रिप्टही, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञाही, खुली ठेवली, तर रेघ कुठे ओढली ते कोणीही वाचू शकतं. नुसता आकडा हाती आला, तर आक्षेप घ्यायचा कशावर?

ठिकाणं फुटण्याची भीती खरी आहे, पण ती कोडची नाही. कोड सगळ्यांना द्या, कॅमेऱ्यांचे अक्षांश-रेखांश कुलपात ठेवा. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका वाघाच्या गळ्यातल्या, ठिकाण कळवणाऱ्या कॉलरची माहिती ज्या ई-मेलवर येत होती, त्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. तिथे जपायचा होता तो पासवर्ड.

जबाबदारीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. लिहिणाऱ्याची पीएचडी संपली की पॅकेज वाऱ्यावर सोडलं जातं, असं घडतं, आणि मला ते फार खटकतं. पण नीट निरोप घेण्याची रीतही याच जगात आहे. नकाशांसाठीची 'आरजीडाल' आणि 'आरजिऑस' ही पॅकेजेस ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा बरंच आधी सांगून लोकांना 'एसएफ' आणि 'टेरा' या नव्या पॅकेजेसकडे वळवलं होतं. जुन्या आवृत्त्या आजही 'आर'च्या पॅकेजेसच्या संग्रहात मिळतात. लिहिणारे सोडून जातात, कारण या कामाचं श्रेय त्यांना क्वचितच मिळतं. आपल्या विद्यापीठांनी प्रबंधासोबत स्क्रिप्ट आणि पॅकेजची आवृत्ती मागावी, आणि पॅकेज लिहिणाऱ्याचं नाव संदर्भसूचीत आहे की नाही तेही तपासावं.