मामा, क्वीअर म्हणजे नेमकं काय?

कानबाईच्या रोटाला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाला, गावी गेलो होतो. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. दळणाचे गहू काढणं चाललं होतं. आमच्याकडे घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ घेतात. त्या गडबडीत अकरावीतला भाचा शेजारी येऊन हळूच म्हणाला, "मामा, गे म्हणजे काय ते समजतं. पण तू स्वतःला क्वीअर का म्हणतोस?" ओसरीवर दहा माणसं बसलेली. "सांगतो नंतर" म्हणालो. तो धुळ्याला परत गेला आणि सांगायचं राहिलं. म्हणून इथे लिहितोय. त्याच्यासाठी, आणि ज्यांनी कधी विचारलं नाही पण ज्यांच्या मनात हे आहे त्यांच्यासाठीही.

इंग्रजीत हा शब्द मुळात 'विचित्र', 'तऱ्हेवाईक' अशा अर्थाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांसाठी शिवी म्हणून वापरात आला. आपल्याकडे 'बायल्या' फेकून मारतात ना, तसा. मग १९९० साली न्यूयॉर्कमध्ये, एड्सनं मित्रांमागून मित्र जात होते आणि रस्त्यावर मारहाण होत होती तेव्हा, काही कार्यकर्त्यांनी 'क्वीअर नेशन' नावाची संघटना काढली. शिवीच स्वतःच्या नावात घेतली. आम्ही इथे आहोत, क्वीअर आहोत, सवय करून घ्या, अशी त्यांची घोषणा होती.

हिणवण्याचा शब्द माणूस आपणहून अंगावर का घेतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुण्यात होस्टेलला राहायला गेलो तेव्हा घरच्या फोनवर मी "जाई ऱ्हायनू", "काय शे" बोललो की खोलीतली पोरं खिदळायची. 'ए अहिराणी' हेच माझं नाव पडलं. दोन वर्षं मी जिन्याखाली जाऊन आईशी बोलायचो, तेही शुद्ध मराठीत, आणि आई विचारायची, "तुले बरं नही का?" पुढे कधीतरी लाज गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मांडवात मी मुद्दाम मोठ्यानं अहिराणीत बोलत फिरलो. शब्द तोच होता, पण आता तो माझ्या तोंडून येत होता.

आता भाच्याचा खरा प्रश्न, की गे शब्द असताना हा कशाला. बाबा रे, मी एका मुलीवर जीव तोडून प्रेम केलं आहे आणि नंतर एका पुरुषावर. दोन्ही खरं होतं. 'समलिंगी' म्हटलं की माझं अर्धं आयुष्य खोटं ठरतं. 'उभयलिंगी' हा शब्द मी शाळेत जास्वंदाच्या फुलासाठी शिकलो, तो माणसाला लावायला माझी जीभ वळत नाही. क्वीअरमध्ये मला हिशेब द्यावा लागत नाही. कोणावर प्रेम करतो हे त्यात येतं, आणि स्वतःला बाई समजता, पुरुष समजता की दोन्ही नाही, हेही येतं. त्याच्या भिंती पक्क्या नाहीत, आणि मला त्याचं तेवढंच मोल आहे.

शिरपूरकडचं माझं एक जिवलग माणूस आहे. मी 'तो' किंवा 'ती' लिहिलं नाही, कारण त्याला दोन्ही टोचतं. मराठीत 'मी' ला लिंग नाही, पण क्रियापद लगेच विचारतं, आलो की आले? जातो की जाते? दिवसातून शंभर वेळा तोंड उघडायचं आणि शंभर वेळा कबुली द्यायची. तर या माणसानं वाट शोधली आहे. "मी पोचलो" किंवा "मी पोचले" नाही, "पोचणं झालं". "मी दमलो" नाही, "दमायला झालं". "मी काम केलं", "मला भूक लागली", अशी वाक्यं तर आयतीच मिळतात, त्यांत बोलणारा कोण ते कळत नाही. मी एकदा तासभर कान देऊन ऐकलं. एकही वाक्य अडलं नाही. या माणसाला गे म्हणू की लेस्बियन? क्वीअर हा एकच शब्द त्याला घरी बसल्यासारखा वाटतो.

हे सगळं मुंबई-पुण्याचं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आपल्याच जळगाव जिल्ह्यात, भादली बुद्रुकला, अंजली पाटील या ट्रान्सजेंडर उमेदवाराचा महिला गटातला अर्ज बाद केला होता. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, कोर्टानं स्त्री म्हणून लढू दिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. मात्र त्यांचा हट्ट 'स्त्री' या रकान्यासाठी होता. त्यांना आपण परस्पर क्वीअर म्हणायचं नाही. तृतीयपंथीयांच्या गुरू-चेल्याच्या परंपरेतल्या कितीतरी जणींनाही हा शब्द परका वाटतो, त्यांच्याकडे त्यांचं स्वतःचं नाव आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांवरच्या एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच मान्य केलं, की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला. ६ सप्टेंबर २०१८ ला, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून आमचं प्रेम सुटलं. लग्नाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ ला नाकारला गेला, ते दुःख वेगळं आहे, त्यावर परत कधी लिहीन.

आणि हा शब्द दुसऱ्याला चिकटवायचा नसतो. भाच्या, तुझ्या वर्गात कुणी वेगळं दिसलं तर "हा क्वीअर आहे" असं तू ठरवू नकोस. स्वतः सांगेपर्यंत थांब.

ते शिरपूरचं माणूस पहिल्यांदा आमच्या घरी आलं, तेव्हा आईनं हातातलं ताट खाली ठेवून सरळ विचारलं, "तुले काय म्हनू?" उत्तर आलं, "नावच घ्या, मावशी." आई नावच घेते. परवा रोटाच्या दिवशी तिनं त्याला फोन लावला होता. स्पीकर चालू होता, मी चुलीपाशी बसलेलो.

"जेवन व्हयनं का?"

"व्हयनं, मावशी."