नदी सरळ करताय, पण मासे?

नदी खोलीकरणाचे फोटो आले की खाली टाळ्यांचा पाऊस पडतो. पोकलेननं काढलेला सरळ चर, दोन्ही काठ तासलेले, मधे पाणी. पाणी हवंच, मराठवाड्यात राहून त्याला नको कोण म्हणेल? माझं भांडण त्या सरळपणाशी आहे.

बालाघाटातून उतरणाऱ्या एखाद्या धड ओढ्यात उथळ, खळाळत्या पाण्यातला दगड उचलून बघा. बोटाएवढा मासा सुळकन निसटतो. पोट सपाट, तोंड खालच्या बाजूला, हनुवटीखाली चकती. तिनं तो दगडाला धरून राहतो, धार कितीही जोराची असो. थोडं खाली डोहात गाळ, कुजका पाला. तिथं मरळ. पाण्यातला ऑक्सिजन संपत आला तरी वर येऊन हवा घेते आणि तगते. एकाच ओढ्यात दोन जगं.

अशी जगं वेगळी असली की एका जातीच्याही दोन होतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या काही तळ्यांत हे नीट अभ्यासलं गेलंय. हिमयुग सरल्यावर, साधारण १२,००० वर्षांपूर्वी, समुद्रातले स्टिकलबॅक मासे तिथं अडकले. आज त्याच तळ्यात दोन जाती आहेत: एक जाडजूड, तळातले किडे खाणारी; दुसरी सडपातळ, उघड्या पाण्यातले सूक्ष्म जीव टिपणारी. दोघांचा संकर होतो, पिल्लंही धडधाकट निघतात, पण ती ना तळात नीट खातात ना वर. मधल्याला तळ्यात जागाच नाही! मधे डोंगर नाही, भिंत नाही. नुसतं राहण्या-खाण्यातलं अंतर.

आणि ते अंतर पुसलं की? तिथल्याच एनॉस तळ्यात बाहेरून क्रेफिश (झिंग्यासारखे कवचाचे जीव) आले, त्यानंतर दोन्ही जाती एकमेकींत मिसळून गेल्या. मासे आहेत, जाती गेल्या. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात काही माशांच्या माद्या नराचा रंग बघून जोडीदार निवडतात. पाणी गढूळ झालं तिथं रंगच दिसेना, आणि तिथंही तेच झालं. मला हे मासे मरण्यापेक्षा भयंकर वाटतं, कारण कुणाला कळतसुद्धा नाही.

आता आपल्याकडं. बालाघाटाच्या एका उतारावरचं पाणी सिंदफणेतून गोदावरीला, दुसऱ्या उतारावरचं सीना-भीमेतून कृष्णेला. निसर्गानं आयती पाणलोटाची भिंत दिलेली. आपण मात्र दोन्हीकडं तेच साचलेलं पाणी करतोय आणि तीच बोटुकली सोडतोय: कटला, रोहू, मृगळ, तिन्ही मूळचे गंगेकडचे. वर आफ्रिकेतली चिलापी, ती तर न बोलावताही पोचते. भोई समाजाचं पोट जलाशयावर आहे, तिथं मत्स्यबीज सोडण्याला माझा विरोध नाही. जायकवाडी जायकवाडीच्या जागी. पण प्रत्येक ओढ्याचं जायकवाडी कशाला?

"जाती घडायला हजारो वर्षं लागतात, आपल्याला काय फरक पडतो" असं कुणीतरी लिहिणारच. अलास्कात १९६४ च्या भूकंपानं समुद्रतळ उचलला गेला, बेटांवर नवी गोड्या पाण्याची तळी झाली. पन्नासेक वर्षांत तिथल्या स्टिकलबॅकची ठेवण बदललेली आढळली. नवी जात नव्हे, पण सुरुवात एवढी झटपट होते.

म्हणून खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात गाळाच्या घनमीटरशेजारी दोन रकाने वाढवा: किती डोह राखले, किती खळाळ राखले. आणि ओढ्यात चिलापी सोडू नका.