पेटीतलं बायबल

मार्गारेट ॲटवूड यांची 'द हँडमेड्स टेल' ही 1985 सालची कादंबरी मी राहते त्याच परिसरात घडते. बॉस्टनहून चार्ल्स नदी ओलांडली की केंब्रिज आणि हार्वर्ड. कादंबरीत हार्वर्डच्याच भिंतीवर फाशी दिलेल्यांची प्रेतं लटकत असतात. अमेरिकेची सत्ता उलथवून आलेलं 'गिलियड' नावाचं राज्य बायबलच्या भाषेत बोलतं. मूल जन्माला घालण्यासाठी ठेवलेल्या दासी रस्त्यात भेटल्या की एकमेकींना आशीर्वचन म्हणतात आणि त्याच वेळी एकमेकींवर पाळतही ठेवतात.

2017 मध्ये यावर मालिका आली, तेव्हा पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांत बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, हे त्यांच्या धर्मातलं, आपल्याशी काय संबंध? काही म्हणाले, धर्म आला की हे ओघाने येणारच. मला दोन्ही म्हणणी पटली नाहीत, आजही पटत नाहीत.

कारण कादंबरीतलं बायबल कुलपात असतं. रात्री घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून घरमालक पेटी उघडतो, मूल होत नाही म्हणून नवऱ्याला आपली दासी देणाऱ्या राहेलची गोष्ट वाचतो आणि पेटी पुन्हा बंद करतो. बायकांना वाचायची बंदी आहे. दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा अक्षरं नाहीत, चित्रं आहेत. दासींच्या प्रशिक्षण केंद्रात जेवताना येशूची धन्यवचनं, म्हणजे 'अमुक ते धन्य' अशी वचनं, ऐकवतात आणि त्यांत एक वचन घुसवलेलं असतं : मुक्या राहणाऱ्या धन्य. नायिकेला कळतं की हे मुळात नाही, काही गाळलेलंही आहे. पण पडताळणार कसं? 'प्रत्येकीकडून तिच्या कुवतीनुसार, प्रत्येकाला त्याच्या गरजेनुसार' ही मार्क्सची घोषणा बदलून तिथे संत पॉलच्या नावावर खपवली जाते, आणि बायका ती जेवणानंतर तीनदा म्हणतात. ज्या राज्याचा आपल्या ग्रंथावर खरंच विश्वास आहे, ते तो कुलपात कशाला ठेवेल?

ॲटवूड यांनी हे हवेतून आणलेलं नाही. बॉस्टनच्या स्टेट हाउससमोर, म्हणजे इथल्या विधानभवनासमोर, ॲन हचिन्सनचा पुतळा आहे, शेजारी लहान मुलगी. ही बाई घरी बायका जमवून रविवारच्या प्रवचनांची चर्चा करायची. पुढे पुरुषही येऊ लागले. 1637 मध्ये इथल्या इंग्रज वसाहतीच्या गव्हर्नर विन्थ्रॉपने तिच्यावर खटला चालवला आणि तिला वसाहतीतून हद्दपार केलं. ती अश्रद्ध मुळीच नव्हती. ती बायबल स्वतः वाचत होती आणि त्याचा अर्थ लावत होती, तेच खुपलं.

त्याच शतकात आपल्याकडे संत बहिणाबाई लिहीत होती : 'वेद हाका देती पुराणें गर्जती । स्त्रियेच्या संगतीं हित नोहे ॥' आणि पुढे विचारत होती, माझा तर देहच स्त्रीचा, मग परमार्थाची सोय कशी? नवऱ्याचा मार खाऊनही तिने तुकोबांना गुरू मानलं. 'आपल्याकडे असं काही नव्हतं' म्हणणाऱ्यांनी हा अभंग वाचावा. 'धर्म म्हणजे हेच' म्हणणाऱ्यांनीही वाचावा, कारण ती प्रश्न विचारते तो भक्तीच्याच भाषेत.

इथे गणेशोत्सवात आम्ही शाळेचा हॉल भाड्याने घेऊन अथर्वशीर्ष म्हणतो. एक बाई सांगते, बाकीचे म्हणतात. मुलं अर्थ विचारतात, कुणीतरी सांगतं, दुसरं कुणीतरी तो खोडून काढतं आणि प्रसाद संपेपर्यंत चर्चा चालते. घरापासून इतक्या लांब हे शब्द मला फार आधार देतात. पण इथे आम्ही मूठभर, कुणाच्या हाती सत्ता नाही, म्हणून हे सोपं आहे, याचंही भान मला ठेवावं लागतं.

सत्ता असते तिथे काय होतं, ते शनिशिंगणापूरच्या वादात दिसलं. चौथऱ्यावर बायकांनी जायचं नाही, ही परंपरा आहे, एवढंच वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. 2016 मध्ये स्त्री-चळवळीतल्या विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांनी महाराष्ट्राचा 1956 सालचा मंदिरप्रवेशाचा कायदा पुढे ठेवला. त्या पाडव्याला चौथरा खुला झाला. कायदा तर साठ वर्षं होताच. तो काढून वाचायला बायकांनाच जावं लागलं.